मागच्या मैदानापर्यंत

थोरल्या भावाचा घसा बसला, म्हणून त्या दिवशी प्रार्थनाघरातला पवित्र शास्त्राचा वर्ग पहिल्यांदाच धाकट्याने घेतला. गोष्ट जगातल्या पहिल्या दोन भावांची होती. देवाला धाकट्या भावाने वाहिलेली भेट आवडली, थोरल्याची नाही; मग थोरल्याने गोड बोलून त्याला शेतात नेलं आणि तिथेच संपवलं.

थोरला हीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि लोक जांभया आवरत ऐकत आले होते. आज मात्र सगळे कानात प्राण आणून बसले होते.

"देवाने ती भेट का नाकारली, हे काही लिहिलेलं नाही," धाकटा म्हणाला. "मला वाटतं, देतानाही त्याचं अर्धं लक्ष भावाच्या ताटाकडे होतं."

पहिल्या बाकावरच्या हेडमास्तरांनी डोळे पुसले. थोरल्याच्या वेळी ते घड्याळ बघायचे. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्ग सुटल्यावर ज्याने त्याने धाकट्याचा हात हातात घेतला, आणि जाता जाता थोरल्याला बजावलं, "घसा सांभाळा हं, अजिबात घाई करू नका." थोरल्याने तेही हसून गिळलं. खोली रिकामी होत आली, तसा धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चल, जरा मागच्या मैदानात फेरी मारून येऊ."


गुडघ्यांमुळे दोघांच्या आधाराशिवाय कधी न उठणारी त्यांची आई शेवटच्या बाकावरून ताडकन उठली आणि म्हणाली, "थांबा रे, मीही येते. त्या दोघांच्या आईला ही गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती."