मीठ घातलं का?

"नाना, सगळं कुदळीने खणून पिकवलंय, बैल लावलेला नाही," असं सांगत वाडीवरच्या द्रौपदीने अळू, सुरण, पडवळ, भोपळा आणि मक्याची कणसं ओट्यावर ठेवली. "पण एकट्याला एवढी कशाला?"

"ऋषिपंचमीची भाजी थोडी होतच नाही गं," मी म्हणालो. आणि खरंच, एकेक फोड घेतली तरी पातेलं भरलं.

बायको गेली त्या वर्षी घरात सण केला नाही. यंदा पहिल्यांदाच मी रांधत होतो. भाजी रटरटायला लागली आणि मला आठवेना, मीठ घातलं की नाही. नैवेद्याआधी चाखायची सोय नाही. हिचंही दरवर्षी हेच व्हायचं. "अहो, मी मीठ घातलं का?" ती आतून विचारायची, आणि मी पेपरातून मान वर न करता "घातलंस" म्हणायचो. चाळीस वर्षांत एकदाही उठून बघितलं नाही. भाजी अळणी निघाली की मला न बोलता ती माझ्या पानात चिमूटभर मीठ वाढायची.

"मी मीठ घातलं का गं?" मी ओट्यापाशी उभा राहून मोठ्याने विचारलं. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पेपर फडफडत होता.

नैवेद्य दाखवून जेवायला बसलो. पहिल्याच घासाला कळलं, भाजी अळणी झालीय. तरी मी सवयीने हात थांबवून तसाच बसून राहिलो, पानात मीठ पडायची वाट बघत.