तळ्याकाठचा मुक्काम

आयुष्यभर बस चालवलेल्या बाबांनी डोंगरातल्या तळ्याकाठी मुक्कामाला जायचा बेत काढला, तोही कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन. आत पलंग, शेगडी, पाण्याचा नळ असं सगळं असलेल्या त्या गाडीचे फोटो ते लेकीला पुन्हा पुन्हा दाखवत होते. मागच्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला होता. "काका दुकानापुढेच घुटमळत होते. कुठे जायचंय विचारलं, तर सांगता येईना," तो दारातच तिला हळूच म्हणाला होता. बाबांपाशी तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण घाटातल्या वळणांवर त्यांच्या हाती स्टिअरिंग, या नुसत्या विचाराने तिची झोप उडाली होती.

शेवटी तिने मनाचा हिय्या केला. "बाबा, गाडी मी चालवणार."

ते चिडतील, निदान रुसतील तरी, असं तिला वाटलं होतं.

"चालव की," ते म्हणाले. "मी कुठे चालवतो म्हणालो?"

"मग एवढं मोठं धूड कशाला? तळ्यापाशी चांगल्या खोल्या मिळतात. आपल्याच गाडीने जाऊ."

बाबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्याकडे न बघता ते म्हणाले,



"हल्ली बाहेर पडलो की घर कुठे राहिलं ते आठवत नाही गं. म्हटलं, या वेळी बरोबरच घेऊन जाऊ."