एकाच बाजूची दोन टोके

"तो बंध तोड," भगवंतराव म्हणाले. "दुहेरी आहे म्हणून भिऊ नकोस. तोड."

दीपाने लॅपटॉपच्या पडद्यावर दोन काळ्या गोळ्यांमधली जोडरेघ निवडली आणि पुसून टाकली. रेणूचे दोन तुकडे झाले. परंतु ते जागचे हलले नाहीत.

"आता उजवा तुकडा फिरव. दोन्ही टोके एकाच बाजूला आण, आणि जोड."

तिने जोडले. मग सवयीने रचना सारखी करण्याच्या बटणाकडे तिचा बाण वळला, तोच भगवंतरावांनी टेबलावर बोट आपटले.

"आधी तो बंध दुहेरी कर! एकेरी ठेवून ते बटण दाबलेस, की यंत्र टोके पुन्हा विरुद्ध बाजूंना नेऊन ठेवील. त्याला सोय कळते, वास कळत नाही."

"मान्य, सर."

"मान्य कसले? पूर्वी तू निदान तासभर वाद घातला असतास."

मागच्या स्वयंपाकघरातून उषाकाकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. "मी वाडीत जाऊन येते, नारळ पाडायला माणूस आलाय. गॅसवर गूळ-खोबरं मंद ठेवलंय. खमंग वास सुटला की बंद करा. आणि दीपा, यांना तूच सांग गं, अत्तर जरा बेतानं लावत जा म्हणून. देवळात पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतात."

"पुढच्या रांगेला नाक आहे, याचा आनंद मानावा," भगवंतराव म्हणाले.

काकू हसत फाटकाबाहेर पडल्या. केळव्याच्या त्या घरात मग पोफळींची सळसळ तेवढी उरली.

तारापूरच्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात भगवंतराव आयुष्यभर 'नाक' होते. कोणता नमुना उत्तीर्ण, कोणता नापास, हे त्यांचे नाक ठरवी आणि कारखाना ऐके. निवृत्त होताना ती खुर्ची त्यांनी दीपाच्या हाती सोपवली होती. आता एका जुन्या गिऱ्हाइकाने पंचवीस वर्षांपूर्वीचा गवताचा वास पुन्हा मागितला होता. त्याची कृती कुणापाशीच उरली नव्हती. दीपाने अंदाजाने रेणूच्या दोन आकृत्या मांडल्या होत्या. एकीत दुहेरी बंधाची टोके एकाच बाजूला, दुसरीत विरुद्ध बाजूंना. दोन्हींप्रमाणे थोडे थोडे द्रव्य करवूनही घेतले होते; आज पडद्यावर त्याच आकृत्या ती सरांसमोर पुन्हा मांडत होती. त्यांतला जुना वास कोणता, एवढेच ठरायचे होते. चुकीचा नमुना गेला तर गिऱ्हाईक जाणार होते, आणि त्यापाठोपाठ वासविभागही.

ते ठरवणे दीपाचे काम होते. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर तिला कशाचाच वास येत नव्हता.

हे तिने कुणालाही सांगितलेले नव्हते. नमुना आला की ती हाताखालच्या मुलींपुढे धरी. "आधी तू सांग," म्हणे, आणि त्यांचे चेहरे वाची. मुलींना वाटे, बाई शिकवताहेत. ही रीतही सरांचीच. शेवटच्या वर्षांत प्रत्येक नमुना ते आधी तिच्यापुढे धरीत.

तिने दोन कुप्यांत कागदाच्या दोन पट्ट्या बुडवल्या आणि त्यांच्या हाती दिल्या.

"कोणती कोणाची?" भगवंतरावांनी विचारले.

"ते सांगायचे नसते, सर. तुमचीच शिकवण."

"बरोबर." त्यांनी क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "तुला कोणती वाटते? आधी तू सांग."

दीपाने कुप्यांची बुचे घट्ट बसवली. "आज नाही. आज मी फक्त ऐकायला आले आहे."

त्यांनी पहिली पट्टी नाकाशी धरली, खाली ठेवली. दुसरी धरली. डोळे मिटले.

"या वासाचा पहिला माल तयार झाला तो दिवस आठवतो?" मग ते म्हणाले. "तू नुकतीच लागली होतीस. आवारातले गवत कापणारी सोमी विळा घेऊन थेट प्रयोगशाळेत शिरली. 'माजा गवत कोनी कापला?'"

दीपाला हसू आले. "तुम्ही म्हणालात, 'बाई, आम्ही कापले नाही, शिजवले.'"

"त्यावर ती म्हणाली, 'शिजवलेला गवत खानार कोन हाय?'"

दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"त्या दिवशी सगळ्या खिडक्या उघड्या होत्या," भगवंतराव हळू आवाजात सांगू लागले. "बेटेगावच्या बाजूने वारा येत होता, आणि आपला वास कोणता, माळावरचा कोणता, हे मलाही सांगता येईना. हिरवा, किंचित ओला. विळ्याच्या पात्याला लागलेल्या रसाचा. त्यानंतर तसा वास पुन्हा भेटला नाही." त्यांनी डोळे पुसले आणि पट्टी पुढे केली. "हीच. दुसरी."

दीपाने कुपीवरचा आकडा पाहिला. टोके एकाच बाजूला असलेली. तिने तिथल्या तिथे कारखान्यात फोन लावला. "दुसरा नमुना पाठवा. हो, माझ्या सहीने."

फोन ठेवून तिने सरांच्या पायांना हात लावला. "तुमचे नाक अजून तसेच आहे, सर."

"नाक आठवणीवरच चालते, दीपा."

फाटक आदळले. उषाकाकू तोंडाला पदर लावून धावत आल्या आणि दोघांच्या पुढून आत गेल्या. भांडे मोरीत आपटल्याचा आवाज झाला, पाठोपाठ चर्रर्र वाजले.

"गुळाचं डांबर झालंय, डांबर!" त्या आतून ओरडल्या. "पार वाडीपर्यंत करपट वास येतोय, आणि इथे घरात दोन-दोन नाकं बसलीत!"

पडद्यावर तो रेणू संथपणे फिरत होता.

"कधीपासून, सर?" दीपाने विचारले.

भगवंतरावांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"आधी तू सांग."