विरोध असेल त्याने उभं राहावं

"लिफ्टच्या पैशांचा विषय आज काढणारच," टेलरकाका शर्टाचं वरचं बटण लावत शेजारच्या नर्सबाईंना म्हणाले.

"काढा की. पण उभं कोण राहणार?"

सोसायटीत मतदानाची एकच रीत होती. अध्यक्ष ठराव वाचायचे आणि म्हणायचे, "विरोध असेल त्याने उभं राहावं." मग सगळे खुर्चीला चिकटून बसायचे. अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार? मागच्या निवडणुकीत लिफ्टदुरुस्तीचा फंड असाच, बसल्याबसल्या, अध्यक्षांच्या पक्षाच्या प्रचाराला गेला. त्या दिवशी एकटी काकांची बायको उठली होती, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून.

पुढे एका पहाटे तिच्या छातीत कळ आली. लिफ्ट बंदच. चौथ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून उतरवावं लागलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती म्हणाली, "अहो, यांना एकदा तरी उभं करा." खाली पोचेपर्यंत ती गेली होती.

काका हॉलमध्ये शिरले. पुढे एका खुर्चीवर तिची तसबीर होती, पायाशी पांढरी फुलं. सेक्रेटरी सकाळीच ती काकांच्या घरून मागून घेऊन गेला होता.

"आधी वहिनींना श्रद्धांजली, मग बाकीचं," अध्यक्ष म्हणाले.

"आधी माझं ऐका. लिफ्टसाठी पुन्हा गोळा केलेला पैसाही तुम्ही प्रचाराला देणार म्हणे."

"देणार होतो." अध्यक्षांनी चष्मा पुसला. "पण वहिनी गेल्या आणि माझीच मला लाज वाटली. तो ठराव मी आणणार नाही. आधी लिफ्ट."

काका कंबर कसून आले होते. आता भांडायचं कुणाशी?

"चला, श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहा," अध्यक्ष म्हणाले.

खुर्च्या करकरल्या. अख्खी बिल्डिंग उठली. आग लागली तरी उठणार नाही असा तो पहिल्या मजल्यावरचा बँकवालासुद्धा. काका तसबिरीसमोर उभे होते. त्यांचे डोळे भरून आले.

"बघ, उठले गं सगळे," ते पुटपुटले.

सेक्रेटरीने बाजूला जाऊन, खुर्चीसकट सगळे येतील असा मोबाइलवर फोटो काढला. "आठवण राहील, काका."

"मलाही पाठव रे."

जिना चढताना नर्सबाई म्हणाल्या, "माणूस वाटला तितका वाईट नाही."

"नाही हो. मीच उगाच डूख धरून बसलो होतो."

त्या रात्री कितीतरी दिवसांनी काकांना झोप लागली.

सकाळी दूध आणायला ते खाली उतरले. फाटकावर भलामोठा बॅनर लागला होता. फोटो कालचाच. सगळे उभे, सगळ्यांत पुढे काका, डोळ्यांत पाणी. वर ठळक अक्षरं : 'अख्खी सोसायटी तुमच्या पाठीशी उभी!'

आणि खुर्चीत, तिच्या तसबिरीच्या जागी, अध्यक्षांच्या पक्षाचा उमेदवार हसत बसला होता.