चुकलेला फोल्डर

"आधी हे घे," म्हणत पळनिवेलनं मैसूरपाकाचा डबा कुयिलीच्या हातात कोंबला. "मग हवं तेवढं बोल मला."

"अण्णा, आत तर या. तीन वर्षांनी आलात आणि दारातूनच जाणार?"

तो बसला. समोर शिकवणीच्या पोरांच्या वह्यांचा ढीग होता. अख्ख्या कोइमतूरमध्ये हिच्या तोडीचा प्रोग्रामर नव्हता, आणि ही चौथीची गणितं तपासत बसली होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा ती त्याच्या हाताखाली कारखान्यात होती; तिथल्या पत्रा कापणाऱ्या प्रेस या दोघांच्या प्रोग्रामवर चालायच्या. जरा काही आडवं आलं की प्रेस थांबायची आणि माल कमी निघायचा. हे थांबणं बंद करा, असा मालकांचा हुकूम सुटला. कुयिली एकदा कुरकुरली, तेव्हा "मालकांपेक्षा तुला जास्त कळतं का?" म्हणून पळनिवेलनंच तिला गप्प केलं. तिनं निमूट बदल केला. प्रेस मात्र थांबायची ती थांबतच राहिली. चार वेळा बदल, चार वेळा तेच. पाचव्यांदा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "नाचता येईना, अंगण वाकडं!" खरं तर तिनं अंगणाला नाव ठेवलंही नव्हतं. खाली मान घालून तिनं राजीनामा दिला. पुढे गावात तिला कुणी उभं केलं नाही.

"काल मालकांनी तो विषय पुन्हा काढला, म्हणून तुझं काम उघडलं," पळनिवेल म्हणाला. "सेटिंग बघतो तर काय, तयार झालेला प्रोग्राम भलत्याच फोल्डरात जाऊन पडत होता गं! प्रेसवर जायचा तो जुनाच. तुझं काम बिनचूक होतं. फोल्डर चुकला, आणि मी तुला घरी बसवलं." त्यानं हात जोडले. "माफ कर, पोरी. मालकांना सगळं सांगितलंय. तुला परत बोलावलंय त्यांनी."

कुयिली हातातल्या डब्याकडे बघत राहिली. तिला भरून आलं असेल, असं त्याला वाटलं.

"आणि ऐक, फोल्डर मी सुधारलाय. आज सकाळच्या पाळीपासून सगळ्या प्रेस तुझ्याच प्रोग्रामवर चालताहेत. एकदाही थांबल्या नाहीत!"

कुयिली ताडकन उठली.

"फोन करा अण्णा, आधी प्रेस बंद करायला सांगा! आत माणसांचे हात असायचे, म्हणून थांबायच्या त्या. फोल्डर चुकला नव्हता. मी मुद्दाम बदलला होता."