मधेच थांबतो

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात मी तीन महिन्यांच्या शिवमूर्तीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दूध पिताना घामाघूम होतो? मधेच थांबतो?"

"हो, दोन्ही." हृदयरोगाची हीच लक्षणं मी वाचली होती.

त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "ठोके तर छान आहेत. आता इथंच पाजा बघू."

मी त्याला पदराखाली घेतलं. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नीट झाक गं, दिष्ट लागंल."

"इथं कोणाची दृष्ट लागतीय? उकडून राहिलंय लेकराला. काढा तो पदर!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

शिवमूर्ती प्यायला, थांबला, माझ्याकडं बघून खुदकन हसला, पुन्हा प्यायला लागला.

"दमून नाही हो, आईला बघायला थांबतोय तो."

"मंग बघू दे की," म्हणत सासूबाई आपल्याच पदरानं त्याला वारा घालू लागल्या.