खुर्चीवर न थांबणारी ओळ

घरं भाड्याने देणाऱ्या अ‍ॅपमध्ये फोटोंवर मजकूर बसवायचं काम माझ्याकडे आहे. अक्षरं कुणाच्या चेहऱ्यावर आली की आपोआप बाजूला सरकतात. हा नियम मीच घातलाय आणि तो आजवर कधी चुकलेला नाही.

आज दुपारी चाचणीसाठी एका रिकाम्या खोलीचा जुना फोटो घेतला. 'लगेच राहायला या' ही ओळ खिडकीजवळच्या खुर्चीवर काही केल्या थांबेना. दहादा ओढून आणली, दहादा सरकली.

शेजारचा टेस्टर हसला. "खुर्चीला नाकडोळे फुटले वाटतं, मॅडम!"

मला हसू आलं नाही. ती खोली आम्ही गेल्याच आठवड्यात लेकीला भाड्याने घेऊन दिली होती.

मी तिला फोन केला. "त्या खुर्चीत बसून एक फोटो पाठव बघू."

"आई, तुझं आपलं काहीतरीच!" म्हणत तिने पाठवला. फोटोत ती एकटीच होती, हसत होती.

मी ओळ तिच्या खांद्यामागच्या मोकळ्या भिंतीवर ठेवली. तिथून ती झटकन सरकली आणि माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.